‘सक्रिय सहभाग’ : कॅथलिक उपासनाविषयक शिकवणुकीतील एका संज्ञेची चिकित्सा

प्रास्ताविक

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘साक्रोसांक्तुम कोंचिलियुम’ हे उपासनाविषयक संविधान २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केले. त्रेन्त येथील परिषदेची सांगता १५६३ साली याच तारखेला झाली होती. व्हॅटिकन परिषदेपुढे चर्चेला आलेला पहिला मसुदाही उपासनेचाच होता. संविधानाच्या १४व्या कलमात जी संज्ञा आहे ती पुढील साठ वर्षांच्या कॅथलिक उपासनाजीवनाची कसोटी होऊन बसली. लॅटिनमध्ये ती ‘आक्तुओसा पार्तिचिपात्सियो’ अशी आहे. मराठीत तिचा अर्थ साधारणपणे ‘सक्रिय सहभाग’ असा सांगितला जातो.

या दोन शब्दांवरून चर्चमध्ये जेवढा वाद झाला तेवढा संविधानातील अन्य कोणत्याही शब्दांवरून झाला नसेल. वेदी कोणत्या दिशेला असावी, भाषा कोणती असावी, गायन कोणी करावे, वाचन कोणी करावे, कम्युनियन हातावर घ्यावे की जिभेवर, असे अनेक प्रश्न अखेरीस याच संज्ञेच्या अर्थापाशी येऊन थांबतात. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा प्रवास, तिच्यावर झालेली टीका आणि मराठी भाषिक ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात तिचा लागणारा अर्थ यांचा विचार केला आहे. बाह्य कृती श्रेष्ठ की आंतरिक वृत्ती श्रेष्ठ, असे या वादाचे स्वरूप सांगण्याची प्रथा पडली आहे. मूळ दस्तऐवज काळजीपूर्वक वाचले असता ही विभागणी टिकत नाही. खरा प्रश्न हक्काचा आहे आणि तो दोन्ही पक्षांनी मागे टाकलेला दिसतो.

संज्ञेपूर्वीची स्थिती

व्हॅटिकन परिषदेपूर्वीचा भाविक मिस्सेमध्ये ‘काहीच करीत नव्हता’, हे विधान फार सैलपणे केले जाते. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लॅटिनमध्ये, बराचसा भाग मंद स्वरात म्हणत. भाविक रोझरीचे मणी ओढीत किंवा प्रार्थनापुस्तक वाचीत. घंटी वाजली की सर्वांची दृष्टी वर उचललेल्या ख्रिस्तप्रसादाकडे जाई. याला उदासीनता म्हणणे अन्यायाचे होईल. गुडघे टेकून बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या वृद्धेच्या मनात त्या क्षणी जे चालले असेल त्याचे माप घेण्याचे साधन कोणत्याही सुधारकाजवळ नव्हते. तथापि तिची प्रार्थना आणि वेदीवरील प्रार्थना या समांतर चालत. त्यांची भेट होई ती घंटीच्या नादापाशी.

त्रेन्तच्या परिषदेला याची जाणीव नव्हती असेही नाही. १७ सप्टेंबर १५६२च्या २२व्या अधिवेशनात परिषदेने सर्वत्र लोकभाषेत मिस्सा साजरी करणे इष्ट नसल्याचे सांगितले. परंतु त्याचबरोबर मिस्सेमध्ये जे वाचले जाते त्याचे स्पष्टीकरण धर्मगुरूंनी लोकांना वारंवार करावे, अशी आज्ञाही दिली. प्रत्येक मिस्सेला उपस्थित भाविकांनी कम्युनियनही स्वीकारावे, अशी इच्छा तिने व्यक्त केली. म्हणजे परिषदेने लोकभाषा त्याज्य ठरविली नव्हती, तर मिस्सा केवळ लोकभाषेतच व्हावी हे मत तिने अमान्य केले होते. प्रॉटेस्टंट सुधारणेशी चाललेल्या संघर्षात हा सूक्ष्म भेद पुसला गेला. निषेध तेवढा लक्षात राहिला आणि स्पष्टीकरणाची आज्ञा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

१९०३ ते १९५८

‘सक्रिय सहभाग’ ही कल्पना अधिकृत दस्तऐवजात ठळकपणे येते ती संगीताच्या निमित्ताने. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, ‘त्रा ले सोल्लेचितुदिनि’ हे पत्र प्रसिद्ध केले. हे पत्र इटालियन भाषेत आहे. इटलीतील चर्चमध्ये त्या काळी ऑपेराच्या धर्तीचे संगीत बोकाळले होते; ते दूर सारून ग्रेगोरियन गायन पुन्हा लोकांच्या मुखी यावे, हा त्याचा हेतू. ख्रिस्ती वृत्तीचा पहिला आणि अनिवार्य झरा म्हणून त्यात पवित्र रहस्यांतील सक्रिय सहभागाचा निर्देश येतो.

या पत्राचा गौरव सर्वत्र होतो, पण त्यातील एका तरतुदीकडे गौरव करणारे सहसा लक्ष वेधत नाहीत. गायकवृंदाचे कार्य हे खरेखुरे उपासनाकार्य असल्यामुळे आणि स्त्रिया असे कार्य करण्यास अपात्र असल्यामुळे त्यांना गायकवृंदात घेऊ नये. उच्च स्वरांसाठी मुलांची योजना करावी, असे हेच पत्र सांगते. सहभागाची घोषणा आणि अर्ध्या समाजाला एका कार्यातून वगळणे या दोन्ही गोष्टी एकाच मजकुरात आहेत. हा केवळ काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. सहभागाला जोवर आधार नेमून दिलेल्या कार्याचा असतो, तोवर कार्य नेमणारा अधिकारी सहभागाची मर्यादाही नेमीत असतो. वाचक व वेदीसेवक या विधिवत सेवा स्त्रियांना देता येतील अशी दुरुस्ती चर्चच्या कायद्यात झाली ती जानेवारी २०२१मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. प्रत्यक्षात स्त्रिया कितीतरी आधीपासून अनेक चर्चमध्ये वाचन करीत होत्या. कायदा व्यवहाराच्या मागून चालत आला.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येईल. दहाव्या पायस यांच्याच कारकिर्दीत १९०५ साली वारंवार कम्युनियन घेण्यास उत्तेजन मिळाले आणि १९१० साली मुलांचे पहिले कम्युनियन सातव्या वर्षाच्या सुमारास आणले गेले. १९०९ साली बेल्जियममधील मालिन येथील परिषदेत लाम्बेर बोदुआँ या बेनेडिक्टाइन धर्मगुरूने उपासना लोकांपर्यंत पोचविण्याचा विचार मांडला. रोमानो ग्वार्दिनी यांचे उपासनेच्या आत्म्याविषयीचे लहानसे पुस्तक १९१८ साली आले. १९२८मध्ये अकरावे पायस यांनी ‘दिविनि कुल्तुस’मध्ये भाविकांनी परके किंवा मूक प्रेक्षक राहू नये, असे म्हटले. १९४७ साली बारावे पायस यांचे ‘मेदियातोर देई’ हे परिपत्र आले.

या परिपत्रापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. भाविक धर्मगुरूच्या हातून आणि काही अर्थाने त्याच्यासह बलिदान अर्पण करतात, असे ते मान्य करते. मात्र ख्रिस्ताच्या ठायी उभे राहून कृती करणारा धर्मगुरू एकटाच, याचीही ते वारंवार आठवण देते. उपासनेचा प्रमुख घटक आंतरिक असल्याचे ते सांगते. ज्यांना मिस्सेचे ग्रंथ वाचणे जमत नाही त्यांनी अन्य प्रकारे ख्रिस्ताच्या रहस्यांचे चिंतन करावे, अशी मोकळीकही ते देते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या वृद्धेला या परिपत्राने उपासनेबाहेर काढले नाही. पुढे ३ सप्टेंबर १९५८च्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने आंतरिक, बाह्य आणि कम्युनियनद्वारा होणारा, अशा सहभागाच्या पायऱ्या निश्चित केल्या. ज्या दोन टोकांवरून पुढे भांडण झाले त्यांचा मेळ परिषदेच्या आधीच घालून ठेवलेला होता.

संविधानातील शब्द

१४व्या कलमाचे वेगळेपण क्रियापदांत नाही, ते आधारात आहे. पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग ही उपासनेच्या स्वरूपाचीच मागणी आहे आणि ख्रिस्ती जनांचा तो स्नानसंस्कारामुळे प्राप्त झालेला हक्क व कर्तव्य आहे, असे ते कलम म्हणते. त्यासाठी पेत्राच्या पहिल्या पत्रातील राजवंशी याजकगणाच्या कल्पनेचा आधार घेते. १९०३मध्ये सहभाग ही भक्ती वाढविणारी इष्ट गोष्ट होती. १९६३मध्ये तो हक्क झाला. नेमणुकीतून मिळालेली सवलत काढून घेता येते, स्नानसंस्कारातून मिळालेला हक्क काढून घेता येत नाही. संविधानातील खरी क्रांती ही आहे. लोकभाषा किंवा वेदीची दिशा हे तिचे परिणाम म्हणता येतील. आणि वेदीच्या दिशेबद्दल तर संविधानात एक अक्षरही नाही.

सहभाग बाह्य कसा व्हावा हे ३०वे कलम सांगते. जयघोष, प्रतिसाद, स्तोत्रे, गीते यांच्याबरोबर कृती, हावभाव व शरीराची ठेवण यांचा त्यात उल्लेख आहे आणि योग्य वेळी आदरयुक्त मौन पाळावे असेही त्यात आहे. या शेवटच्या वाक्याची उपेक्षा झाली. तीच गत ५४व्या कलमाची. लोकभाषेला वाव देत असतानाच भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता वा गाता यावेत, अशी काळजी घ्यावी असे ते सांगते. ३६व्या कलमात लॅटिनचा वापर कायम ठेवण्याचे तत्त्व आहे, ११६व्या कलमात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान आहे. पोप सहावे पॉल यांनी ७ मार्च १९६५ रोजी रोममधील ओन्यिस्सांती चर्चमध्ये इटालियन भाषेत मिस्सा अर्पण केली आणि ३० नोव्हेंबर १९६९पासून नवा मिस्साविधी लागू होऊ लागला. या सहा वर्षांत लॅटिन जवळजवळ नाहीशी झाली. परंपरावाद्यांनी याला परिषदेचा विश्वासघात म्हटले. सुधारणावाद्यांनी परिषदेचा आत्मा म्हटले. संविधानाचा मजकूर दोघांनाही सोयीपुरताच हवा होता, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

‘आक्तुओसा’ या शब्दाविषयी एक युक्तिवाद वारंवार केला जातो. परिषदेने ‘आक्तिवा’ हा सरळ शब्द न वापरता ‘आक्तुओसा’ हा शब्द योजला. त्यामुळे तिला हालचाल अभिप्रेत नसून आत्म्याची सखोल गुंतवणूक अभिप्रेत होती, असे सांगण्यात येते. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी दुबळा आहे. दहाव्या पायस यांच्या पत्रातील इटालियन विशेषण साधे ‘सक्रिय’ याच अर्थाचे आहे आणि परिषद स्वतःला त्याच परंपरेची वारस समजते. शिवाय ‘आक्तुओसा’चा अर्थ अभिजात लॅटिनमध्ये ‘कृतीने भरलेला’ असाच होतो. मौनाचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी ३०वे कलम पुरेसे आहे. त्यासाठी शब्दकोशाला वेठीला धरण्याचे कारण नाही.

रात्सिंगर यांची टीका

या संज्ञेच्या रूढ अर्थावर सर्वांत विचारपूर्वक टीका केली ती योसेफ रात्सिंगर यांनी. ग्वार्दिनींच्या पुस्तकाचे स्मरण शीर्षकातच करून देणारे त्यांचे उपासनाविषयक पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. सहभाग म्हणजे भाग घेणे. पण कशात भाग घेणे, हा त्यांचा मूळ प्रश्न. उपासनेतील प्रधान कृती देवाची आहे, ती महाप्रार्थनेत घडते आणि त्या कृतीत सामील होणे हाच सहभाग, असे त्यांचे उत्तर आहे. वाचन, गायन, अर्पणाच्या वस्तू आणणे ही गौण कामे होत. शक्य तितक्या लोकांना शक्य तितक्या वेळा काहीतरी करायला लावणे म्हणजे सहभाग वाढविणे, हा समज त्यांनी खोडून काढला. २००४च्या ‘रेदेम्प्त्सियोनिस साक्रामेंतुम’ या सूचनापत्रात आणि पोप सोळावे बेनेडिक्ट या नात्याने त्यांनी २००७ साली काढलेल्या ‘साक्रामेंतुम कारितातिस’मध्ये हाच विचार अधिकृत भाषेत येतो.

या टीकेतील सत्य नाकारता येणार नाही. मिस्सा ही एखाद्या स्नेहसंमेलनासारखी झाली, प्रत्येक गटाला व्यासपीठावर काही मिनिटे मिळाली पाहिजेत असा आग्रह सुरू झाला, की जे दिसत नाही ते निसटते. परंतु या टीकेची एक बाजू लंगडी आहे. प्रधान कृती देवाची आहे हे मान्य केल्यावरही दृश्य पातळीवर कोणी बोलावे, कोणत्या भाषेत बोलावे, ते कोणी ठरवावे, हे प्रश्न उरतातच. आंतरिकतेचा गौरव करताना हे प्रश्न गौण ठरविले, तर ज्यांच्या हाती आधीच शब्द आहे त्यांचे काहीच बिघडत नाही. ज्याला ऐकू येत नाही, समजत नाही, त्यालाच आंतरिक सहभागावर समाधान मानण्याचा उपदेश होतो. १४व्या कलमातील ‘हक्क’ हा शब्द रात्सिंगर यांच्या विवेचनात निष्प्रभ होतो, तो इथे.

मराठी परंपरेतील श्रोता

मराठीच्या संदर्भात हा वाद वेगळे वळण घेतो, कारण ऐकणे ही निष्क्रिय गोष्ट आहे असे मराठी भक्तिपरंपरेने कधीच मानले नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. हे अवधान वक्त्याच्या कृपेने मिळत नाही, ते श्रोत्याने द्यावयाचे असते. ते मिळाले नाही तर निरूपण उभेच राहत नाही. कीर्तनात टाळकरी, मृदंगी व श्रोते यांच्यावाचून कीर्तनकाराला पुढे सरकता येत नाही. बाह्य की आंतरिक हा पेच या परंपरेत पडत नाही, कारण अवधान एकाच वेळी दोन्ही असते. ‘सहभाग’ हा शब्द वाईट नाही. पण त्याला अलीकडे सभा-समारंभांचा आणि स्पर्धांच्या प्रमाणपत्रांचा वास येऊ लागला आहे. ‘सक्रिय’ हे विशेषण तर कार्यकर्त्यांसाठी राखून ठेवल्यासारखे झाले आहे. ‘अवधान’ या शब्दात देणे आणि घेणे दोन्ही आहे. धर्मशिक्षणाच्या मराठीने त्याचा विचार करावयास हवा होता.

ही तुलना बाहेरून लादलेली नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला जाई आणि नवख्रिस्ती लोक तो ऐकत. पुराण ऐकण्याची जी सवय धर्मांतराने तुटली होती ती स्टीफन्स यांनी नव्या आशयासह परत दिली. पण ही ओवी मिस्सेच्या आत कधीच आली नाही. मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. ज्या भाषेत भाविक अवधान देऊ शकत होता ती भाषा बलिदानाच्या विधीबाहेर आणि ज्या भाषेत बलिदान होत होते ती त्याच्या अवधानाबाहेर, अशी ही स्थिती होती. २७ जून १६८४च्या फर्मानाने पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीजचा अंगीकार करण्याचा हुकूम काढला, तेव्हा विधीबाहेरची ही जागाही आक्रसली. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची पदे व अभंग उपासनेत गायिले जाऊ लागले, त्यानंतर कॅथलिक मिस्सेला मराठी बोलण्यासाठी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाची वाट पाहावी लागली.

वसईचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत हा मराठी भाषिक कॅथलिकांचे मोठे केंद्र आहे. मराठी मिस्सा हा तेथील समाजाच्या अस्मितेचा भाग झाला. परंतु ‘लोकभाषा’ हा परिषदेचा शब्द इथे एकवचनी राहत नाही. घरात सामवेदी, वाडवळी, कोळी बोली आणि वेदीवर प्रमाण मराठी, अशी ही रचना आहे. लॅटिनइतके अंतर नसले तरी अंतर आहेच. शाळेतून आलेली भाषा प्रार्थनेची भाषा झाली. यातून तोटाच झाला असे म्हणता येणार नाही. वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ने प्रमाण मराठीत ख्रिस्ती आशय किती सहज वावरू शकतो हे दाखविले आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. तरी मातृभाषेचा हक्क मान्य झाला आणि कोणती मातृभाषा हा प्रश्न मात्र विचारलाच गेला नाही, ही वस्तुस्थिती राहते.

हेच आणखी तीव्रतेने भारतीयीकरणाच्या बाबतीत घडले. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातील मिस्सेसाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, अंजली जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, आरती, धर्मगुरूला साध्या झग्यावर शाल अशा त्या गोष्टी होत. संविधानाच्या ३७ ते ४० या कलमांचा हा थेट विनियोग होता आणि बंगलोरच्या राष्ट्रीय केंद्राचे फादर अमलोरपवदास यांनी त्यासाठी मोठे परिश्रम घेतले. विरोध दोन बाजूंनी झाला. काहींना यात हिंदूकरण दिसले. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप अधिक मूलगामी होता: ‘भारतीय’ म्हणून जे आणले जात आहे ते संस्कृत परंपरेतले, उच्चवर्णीयांचे आहे, ज्या देवळांत आपल्या पूर्वजांना पाऊल ठेवू दिले नाही तेथले विधी सहभागासाठी आपल्याला का द्यावेत? भाविकांच्या सहभागासाठी योजलेले बदल भाविकांना न विचारता ठरविले गेले, हा आरोप पुरता खोडून काढता येत नाही. ढोलकी, ओवी, जात्यावरची गाणी यांना त्या बारा मुद्द्यांत जागा नव्हती.

भाषांतराचा अधिकार

वाद इथून भाषांतराकडे जातो. १९६९च्या सूचनापत्राने आशयानुसारी भाषांतराला मोकळीक दिली होती. २००१च्या ‘लितुर्जियाम औतेंतिकाम’ने ती आवळून शब्दनिष्ठा मागितली आणि रोमचे नियंत्रण वाढविले. २०१७च्या ‘माग्नुम प्रिंचिपियुम’ने भाषांतराची प्राथमिक जबाबदारी पुन्हा स्थानिक बिशपांच्या परिषदांकडे दिली. २००७ साली जुन्या लॅटिन विधीला दिलेली विस्तृत मुभा १६ जुलै २०२१च्या ‘त्रादित्सियोनिस कुस्तोदेस’ने मागे घेतली, लगेच पुढच्या वर्षी, २९ जून २०२२ रोजी, ‘देसिदेरिओ देसिदेरावी’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी वादापेक्षा उपासनेच्या शिक्षणावर भर दिला आणि मौनाला त्यात ठळक स्थान दिले. नियमांच्या या हेलकाव्यांत भाविक कुठेच बोलताना दिसत नाही.

मराठीपुरते एक लहान उदाहरण पाहता येईल. मिस्सेत धर्मगुरू भाविकांना प्रभूच्या सान्निध्याचे अभिवादन करतो आणि लोक त्याच्या आत्म्याचा उल्लेख करून उत्तर देतात. लॅटिनमध्ये तेथे एकवचनी सर्वनाम आहे. इंग्रजी भाषिकांनी या उत्तरातून गाळलेला ‘आत्मा’ २०११ साली परत आणला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. मराठीत अडचण ‘आत्मा’ या शब्दाची नाही, तो मराठीला परका नाही. अडचण सर्वनामाची आहे. देवाला ‘तू’ म्हणण्यात मराठी भक्ताला संकोच वाटत नाही. तेथे ‘आपण’ म्हटले तर उलट दुरावा येतो. धर्मगुरूला मात्र भर सभेत ‘तू’ म्हणणे वसईतल्या किंवा नाशिकमधल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाच्या जिभेवर येणार नाही. शब्दनिष्ठ भाषांतर केले तर औचित्य मोडते; आदरार्थी रूप घेतले तर त्या संवादातील समपातळी, म्हणजे स्नानसंस्काराने एक झालेल्या माणसांनी एकमेकांना आशीर्वाद देणे, ओसरते. हा पेच सोडविण्याचे सूत्र रोमच्या कोणत्याही सूचनापत्रात सापडणार नाही. तो मराठी बोलणाऱ्या भाविकांना विचारूनच सुटू शकतो आणि १४व्या कलमानुसार ते विचारणे त्यांच्यावरील उपकार ठरत नाही.